500 फुटाची रेतीची गाडी, कायद्याने नेमकी किती भरता येते? (इंदूर)

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी, इंदूरचे किंवा आसपासचे कोणी बांधकाम, ट्रान्सपोर्ट नाहीतर पीडब्ल्यूडीतले असाल तर जरा नीट सांगा, मनापासून विचारतोय.

आमचं सुदामा नगरातलं जुनं घर पाडून नवीन बांधायचं आहे. वडील गेले, आई खालीच राहते आणि पावसाळ्यात मागच्या खोलीची भिंत छतापासून खालपर्यंत ओली होते, म्हणून या वर्षी काम हातात घेतलंच. ठेकेदाराशी मजुरी ठरलीय, माल आमचा. रेतीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला नेमावरची नर्मदेची रेती आहे, 500 फुटाची (म्हणजे 500 घनफुटाची) गाडी पाठवतो, कमी मागवाल तर फुटामागे रेट वाढेल. मी हो म्हणणारच होतो.

तेवढ्यात परवा पहाटे साडेपाचला समोरच्या प्लॉटवर अशीच दहा चाकी गाडी आली. रिव्हर्स घेताना मागचं चाक आमच्या फाटकासमोरच्या ड्रेनेजच्या चेंबरवर चढलं आणि झाकण दोन तुकडे होऊन आत गेलं, चाक अर्धा फूट खाली, गाडी एका अंगावर कलली आणि डाल्यातली, म्हणजे मागच्या हौद्यातली, रेती सगळी आमच्या ओट्यावर. नर्मदेच्या नळाची वेळ होती, शेजारच्या काकू बादली घेऊन रोज नेमक्या त्याच जागी उभ्या असतात, त्या दिवशी दोन मिनिटं उशीर झाला म्हणून वाचल्या. माझे हातपाय गार पडले होते. नंतर झाकणाचा तुकडा उचलून पाहिला तर त्यावर एलडी 2.5 असं उठवलेलं आहे, त्याचा अर्थ काय ते पण सांगा.

आता माझे प्रश्न असे की दहा चाकी गाडीला कायद्याने किती वजन चालतं, 500 फूट त्यात बसतं का, जास्त भरलं तर दंड कोणाला, गाडीवाल्याला की मागवणाऱ्याला पण, आणि मी रेती मागवताना नेमकं काय बोलायचं म्हणजे माझ्या दारात हेच पुन्हा होणार नाही? समोरच्यांवर राग नाही, त्यांना माहीतच नव्हतं. मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं.

---

रिटायर्ड_सबइंजिनिअर

सगळ्यात आधी त्या चेंबरवर काहीतरी आडवं लावून लाल कापड बांधा, आजच्या आज, आणि झोन ऑफिसात तक्रार लिहून द्या. बाकीचं मग.

झाकणावरचा शिक्का म्हणजे लाइट ड्युटी, 2.5 टन. सिमेंटच्या झाकणांचे चार वर्ग असतात, एलडी 2.5, एमडी 10, एचडी 20 आणि ईएचडी 35, आकडा म्हणजे किती टनांच्या भाराखाली ते तपासलंय तो. एलडी हे फुटपाथ, बाग, घराचं अंगण अशा जागेसाठी, जिथे गाडी जायचीच नाही. रस्त्याच्या मध्ये ते बसवलं हीच पहिली चूक आणि ती ट्रकवाल्याची नाही, नवीन बसवून घेताना कमीत कमी एचडी 20 मागा आणि बसवायच्या आधी शिक्का स्वतः बघा, कारण वरून सिमेंट फासलं की सगळी झाकणं सारखीच दिसतात.

आता वजन. जुलै 2018 मध्ये केंद्राने ॲक्सलची, म्हणजे चाकांच्या एका आसावर किती भार चालतो त्याची, मर्यादा वाढवली. दोन टायरच्या ॲक्सलला 6 टन होतं ते 7 झालं, चार टायरच्या सिंगल ॲक्सलला 10.2 चं 11.5, मागचे दोन ॲक्सल जोडीने असतात त्या टँडमला 19 चं 21. म्हणजे दहा चाकी गाडी, पुढे 7 मागे 21, गाडी आणि माल मिळून 28 टन. सहा चाकीला 18.5. पण हे सगळं वरचं कुंपण झालं, तुमच्यासमोर जी गाडी उभी आहे तिच्या आरसीवर जे ग्रॉस वजन लिहिलंय तेच धरायचं, जुन्या गाडीच्या आरसीवर 25 पण असू शकतं.

दहा चाकी डंपर रिकामा साधारण साडेदहा ते अकरा टन भरतो. 28 मधून ते काढा, माल राहिला सतरा टन. 500 घनफूट म्हणजे 14.16 घनमीटर, कोरडी रेती घनमीटरला 1.6 टन धरली तर झाली साडेबावीस टनांच्या वर. म्हणजे डाला काठोकाठ भरला की गाडी पाच टनांनी ओव्हरलोड, ढीग न करताच! पावसात भिजून ओथंबलेली असेल तर 1.9 पर्यंत जाते, मग तर विचारूच नका.

हे मला नोकरीतली सगळी वर्षं टोचत राहिलं म्हणून जरा लांब लिहितो. आपल्याकडे रेती विकतात फुटाने, रॉयल्टीच्या टीपीवर (वाहतूक पासवर) मात्रा असते घनमीटरात, आणि रस्ता व कायदा दोघं मोजतात टनात. घेणाऱ्याला टन माहीत नाहीत, विकणाऱ्याला सांगायचे नाहीत. सिमेंटची गोणी 50 किलोची, सळई किलोवर, तिथे कोणी फुटाने मोजत नाही, मग रेती गिट्टी मुरूमच का?

आणि रस्त्याचं नुकसान वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 अशी दोन वर्षं खास रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून पाहिले होते, त्यातून निघालेला ठोकताळा आपण अजून वापरतो की झीज ॲक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. ॲक्सलवर दुप्पट भार म्हणजे झीज सोळा पट. तुमच्या 500 फुटाच्या गाडीचं बघा, मागच्या टँडमवर 21 च्या जागी 26 टन आले तर भार वाढला पाव हिश्शाहूनही कमी पण झीज झाली सव्वादोन पटीच्या वर. लोक म्हणतात कार वाढल्या म्हणून रस्ते फुटतात, ते खरं नाही. कारच्या ॲक्सलवर अर्धा टन आणि ट्रकच्या ॲक्सलवर दहा टन धरा, वजन वीस पट, झीज एक लाख साठ हजार पट.

त्यात आपली माळव्याची काळी माती. उन्हाळ्यात दगड, हात घुसेल एवढ्या भेगा, आणि पाणी मुरलं की लोणी. आपल्या हद्दीतले रस्ते मी हजारदा बघितलेत, खड्डा पावसाने पडतो असं दिसतं पण त्याचा तडा आधीच्या उन्हाळ्यात जड गाडीने घातलेला असतो, पाऊस फक्त आत शिरतो. आणि कॉलनीच्या सीसी, म्हणजे सिमेंटच्या, रोडला तर मध्यापेक्षा कड नाजूक, जड चाक स्लॅबच्या कोपऱ्यावर चढलं की कोपरा तुटतो, मग खालून माती निघते, मग पुढचा कोपरा.

---

डंपरवाला_पालदा

काकांनी सगळं बरोबर लिहिलंय, मी स्वतः गाडीवाला आहे म्हणून आमच्या बाजूचं पण लिहितो, कारण प्रत्येक वेळी ट्रकवाला चोर असं म्हणून लोक मोकळे होतात.

आधी क्लीनर होतो, मग ड्रायव्हर, आता एक दहा चाकी स्वतःची आहे, हप्ता चालू आहे. रेतीचा फेरा म्हणजे इंदूरहून कन्नोद खातेगाव करत नेमावर, तिथे लाइन, कधी कधी रात्र तिथेच जाते, भरून परत. भाडं मिळतं फुटाप्रमाणे. अंडरलोड म्हणजे पासिंगमध्ये, आरसीवरच्या वजनाच्या आत, चाललो तर साडेतीनशे पावणेचारशे फूट येते, डिझेल तेवढंच, ड्रायव्हरचा भत्ता तेवढाच, हप्ता तेवढाच. माझ्या मागचा पाचशे साडेपाचशे भरून येतो आणि फुटाला माझ्यापेक्षा कमी रेट सांगतो, गिऱ्हाईक कोणाला फोन करेल? मी सहा महिने पासिंगमध्ये चालवून बघितली, पार्टी विचारते बाकीचे एवढं देतात तुम्ही का नाही, मी म्हणतो काट्यावर वजन करून घ्या, त्यांना वाटतं मी काहीतरी लपवतोय.

पण जास्त भरलं की पैसा वाचतो हे पण अर्धंच खरं आहे, हे मी शिकलो ते गाडी वापरून. मागच्या कमानीचे पाटे तुटतात, एक तुटला की बाजूच्यावर भार, मग तो. टायर हात लावता येत नाही एवढे तापतात, रिमोल्ड केलेल्या टायरचा पट्टा उन्हाळ्यात चालत्या गाडीत सुटून येतो, मागे बाइकवाला असेल तर काय होईल ते तुम्हीच समजा. ब्रेकचे लायनर नेहमीपेक्षा निम्म्याच दिवसांत संपतात. आणि उतार. एकदा खंडव्याकडून येताना नाही, इंदूरहून मुरूम घेऊन तिकडे जाताना भेरूघाटात माझ्या ब्रेकचा वास यायला लागला, पाय दाबला तर पेडल कडक पण गाडी ऐकत नाही, ड्रम तापले की असंच होतं, हवा असते प्रेशर असतं पण पकड नसते. दुसऱ्या गिअरमध्ये होतो म्हणून इंजिनाने धरली, न्यूट्रलमध्ये असतो तर आज लिहायला नसतो. माझ्या गाडीत त्या दिवशी सहा टन जास्त होते. त्या दिवसापासून मी भरत नाही. गणपती घाटात ब्रेक फेलच्या किती बातम्या वाचल्यात आपण, प्रत्येक वेळी ड्रायव्हर झोपला होता असं नसतं हो.

सुदामानगरकर भाऊ, तुमच्यासाठी कामाची गोष्ट. गाडी आली की डाला आतून मोजा, लांबी रुंदी उंची फुटात. आमच्या डाल्याचं माप 16 लांब, साडेसात रुंद, 4.2 उंच, गुणाकार 504, यालाच 500 फुटाची गाडी म्हणतात. पासिंगमध्ये कोरडी रेती भरली तर ती वरच्या काठापासून एक फूट खाली राहते. म्हणजे कोणी म्हणालं की डाला रिकामा आणलाय, फसवलं, तर उलट आहे, एक फूट खाली असेल तोच माणूस बरोबर चालतोय. आणि ज्याने काठावर लाकडाच्या फळ्या ठोकून डाला अजून उंच केलाय त्याला दारातूनच परत पाठवा. बारा चाकी आली तर एक बघा, त्यात एक ॲक्सल वर उचलता येतो, भरलेल्या गाडीत तो खाली टेकलेला पाहिजे, काही जण टायर वाचवायला भरल्या गाडीत पण उचलून चालतात, मग त्याचा भार बाकीच्यांवर येतो.

---

स्कीम78_बांधकाम

सगळं वाचलं. पण व्यवहाराचं बोलू या. मी छोटी कामं घेतो, वर्षाला चार पाच घरं. पासिंगमध्ये माल मागवला तर रेती गिट्टी मिळून एका घराचा खर्च किती वाढतो ते कोणी लिहीत नाही. गिऱ्हाईक आधीच सिमेंट सळईच्या भावाने रडकुंडीला आलेलं असतं. आणि एक गाडी कमी भरली म्हणून रस्ता वाचणार आहे का, बाकीच्या शंभर तर तशाच येतायत. नियम सगळ्यांना एकदम लागू झाला तर मी पहिला पाळीन.

---

रिटायर्ड_सबइंजिनिअर

दादा, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण हिशोब पूर्ण मांडा. सुदामानगरकरांना समजा हजार फूट रेती लागते, दोन गाड्यांऐवजी तीन येतील, एका फेऱ्याचं भाडं वाढलं. बरोबर? आता त्यांच्या दारातलं झाकण, त्याखालची फुटलेली भिंत, नळाची लाइन दबली तर ती, गल्लीचा स्लॅब, हे कोण भरतं? तुमचं गिऱ्हाईकच भरतं, फक्त तुमच्या बिलात दिसत नाही, मालमत्ता कराच्या पावतीत दिसतं आणि दोन वर्षांनी पुन्हा खोदलेल्या रस्त्यात दिसतं. आमच्या काळात मी नवीन केलेल्या एका जोडरस्त्यावर शेजारी खदान सुरू झाली, पहिल्याच पावसाळ्यात चाकोऱ्या पडल्या, दोन्ही बाजूंना अशा खोल की जीपचं पोट मध्ये घासायचं. तिथून शाळेला जाणारी पोरं सायकल हातात धरून चालायची. मला चौकशीत विचारलं डांबर कमी घातलं का. डांबर बरोबर होतं. वजन चुकीचं होतं. ते मी कागदावर सिद्ध करू शकलो नाही कारण त्या रस्त्यावर काटाच नव्हता, आणि ते मला अजून लागतं.

---

ॲडव्होकेट_रामबाग

कायद्याचं मी लिहिते, मूळ प्रश्नात ते विचारलंय.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 113. आरसीवर लिहिलेल्या ग्रॉस वजनापेक्षा जास्त वजनाची गाडी चालवायला किंवा चालवू द्यायला मनाई आहे. त्याच कलमात पुढे असं आहे की गाडी मालक सोडून दुसरा कोणी चालवत असेल तर ते मालकाला माहीत होतं किंवा त्याच्याच हुकमावरून झालं असं कोर्ट गृहीत धरू शकतं, म्हणजे ड्रायव्हरवर ढकलून मालक सहज सुटत नाही.

कलम 114 तपासणीचं. अधिकार असलेला अधिकारी गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो, पुढच्या वाटेवर 10 किलोमीटरच्या आत किंवा जिथे जायचंय तिथून 20 किलोमीटरच्या आत काटा असेल तर. जास्त निघालं तर जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही असं लेखी सांगू शकतो, आणि उतरवलेल्या मालाची जोखीम गाडीवाल्याची.

दंड कलम 194 मध्ये. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यातला आकडा 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला 2,000, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. आधी हाच आकडा 2,000 आणि टनाला 1,000 होता. माल बॉडीच्या बाहेर बाजूला, पुढे मागे किंवा उंचीला निघत असेल तर त्याचे वेगळे 20,000. वजन करायला गाडी थांबवलीच नाही, किंवा वजनाच्या आधी माल टाकून दिला, तर 40,000. शब्द बघा, कायदा म्हणतो चालवणारा, किंवा चालवायला लावणारा, किंवा चालवू देणारा. "माझ्याकडे पाचशेच फूट आण, नाहीतर येऊ नको" असं मेसेजवर लिहून देणाऱ्याने याचा जरूर विचार करावा.

आणि "दंड भरला, आता जाऊ द्या" हे चालत नाही. पूर्वी काही राज्यं ठरावीक पैसे घेऊन जादा वजनाला परवानगीची कार्डं द्यायची, सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये परमजीत भसीन खटल्यात स्पष्ट सांगितलं की पैसे भरून ओव्हरलोड गाडी पुढे नेता येत नाही, जास्तीचा माल उतरवावाच लागतो. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने मालगाडी ओव्हरलोड चालवणाऱ्याचं लायसन्स कमीत कमी तीन महिने सस्पेंड करायला राज्यांना सांगितलंय. यात सगळ्यात आधी मरतो तो ड्रायव्हर, ज्याला भराईच्या वेळी कोणी विचारतही नाही. पालदाच्या भाऊंचं वाचून हे लिहावंसं वाटलं.

सामान्य माणसाने रस्त्यात गाडी अडवायची नाही हं, भांडण करायचं नाही. फोटो काढा, नंबर, वेळ, जागा, आणि आरटीओ नाहीतर ट्रॅफिक पोलिसांकडे द्या. तुमच्या दारात तुमचाच माल घेऊन आलेल्या गाडीची काट्याची पर्ची मागणं मात्र पूर्ण तुमचा हक्क आहे.

---

सुदामानगरकर

सगळ्यांचे खूप आभार, मी दोन दिवस इथलं वाचून आईला पण वाचून दाखवलं. आधी तिकडचं सांगतो. चेंबरभोवती विटा लावून वर आडवी फळी आणि तिला आईच्या जुन्या लाल साडीची पट्टी बांधली, तक्रार लिहून दिली, काल माणसं येऊन बघून गेली, मी झाकणावरचा शिक्का दाखवला तर त्यातला एक म्हणाला बरं झालं तुकडा ठेवलात. एचडी 20 लेखी मागितलंय.

आता रेती. मी रेतीवाल्याला म्हणालो मला वजनावर पाहिजे, तो म्हणाला वजनावर कोणी देत नाही. मग म्हणालो ठीक आहे, रेट तुझाच फुटाचा, पण गाडी माझ्या घरी यायच्या आधी धर्मकाट्यावर चढेल, काट्याचे पैसे माझे, आणि मी तिथे हजर असेन. आधी नाही म्हणाला, संध्याकाळी त्याचाच फोन आला.

सकाळी काट्यावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा असा काटा जवळून बघितला. गाडी हळूच प्लॅटफॉर्मवर चढते, काचेच्या खोलीतला लाल आकडा पळत पळत वर जातो आणि मग थरथरत थांबतो. ग्रॉस 31,240. मी आरसी मागितली, ड्रायव्हरने मोबाइलवर दाखवली, 28,000. म्हणजे तीन टन दोनशे चाळीस जास्त. ताईंच्या हिशोबाने 20,000 आणि वर टनाचे सहा, 26,000 झाले असते. ड्रायव्हर बिचारा तरुण पोरगा, माझ्याकडे बघून म्हणाला, अंकल, भरताना आम्हाला कोण विचारतं. रात्रभर जागा होता, डोळे लाल. त्याला चहा आणि पोहे दिले.

मी ती गाडी घेतली नाही. रेतीवाल्याशी फोनवर बरंच झालं, शेवटी त्याने दुसरी छोटी गाडी काट्याजवळच बोलावली, जवळपास चार टन त्यात वळवले आणि मग दोन्ही आल्या. गाडी खाली झाल्यावर पुन्हा काट्यावर नेली, रिकामी 10,850. म्हणजे सकाळी आत 20,390 किलो माल होता आणि तिच्यात बसायला पाहिजे होता 17,150.

पण एक गोष्ट कळली नाही. बिल होतं 500 फुटाचं. काकांच्या 1.6 ने केलं तर 500 फुटाचे साडेबावीस टन यायला पाहिजेत, माझे निघाले वीस टन तीनशे नव्वद. मग मला रेती कमी मिळाली का?

---

रिटायर्ड_सबइंजिनिअर

शाबास! काट्यापर्यंत स्वतः जाणारं गिऱ्हाईक मी फार थोडं बघितलं.

तुमच्या शंकेचं उत्तर पाण्यात आहे. कोरडी रेती घट्ट बसते. थोडी ओलसर झाली, चार पाच टक्के पाणी, की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा येतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि रेती फुगते. जाडसर रेती पंधरा वीस टक्के, बारीक त्याहून बरीच जास्त. पूर्ण भिजवली की पुन्हा बसते. म्हणजे ओलसर रेती फुटाने घेतली तर तुम्ही हवा विकत घेता, आणि फुटाच्या मापात हे कधीच कळत नाही. मिस्त्री माल कालवताना पाट्या मोजतो, त्यात पण रेती कमी पडते आणि मिश्रण बिघडतं.

घरी करून बघा. काचेची उभी सरळ बरणी घ्या, ओलसर रेती न दाबता 20 सेंटीमीटरपर्यंत सैल भरा. मग ती रेती बाहेर काढा, बरणीत अर्धं पाणी घ्या, त्यात रेती हळूहळू परत सोडा, काठीने ढवळा आणि बसू द्या. आता उंची मोजा. समजा 16 आली, तर 4 भागिले 16, फुगवटा 25 टक्के. काडीचा खर्च नाही. आणि बरणी थोडा वेळ तशीच ठेवली तर वर मातीचा थर दिसेल, तो जाड असेल तर रेती परत करा.

वजनावर घेतली तर पाण्याचं वजन पण मोजावं लागतं हे खरं, पण चार पाच टक्के पाण्याचं नुकसान पंचवीस टक्के हवेपेक्षा कितीतरी बरं.

---

डंपरवाला_पालदा

भाऊ, तुम्ही त्या पोराला चहा दिला हे वाचून बरं वाटलं. एक विनंती, पुढच्या वेळी रेट ठरवतानाच सांगत जा की पासिंगमध्ये भरून आण, भाडं फेऱ्यावर देईन, फुटावर नाही. फुटावर भाडं असेल तोवर प्रत्येक जण फळ्या ठोकणारच. गिट्टी लागेल तेव्हा पण हेच, 20 एमएमची काळी गिट्टी घनमीटरला दीड टनाच्या आसपास, तुमच्या त्या गाडीत 400 फूट म्हणजे बरोबर. विटा असतील तर नगाला तीन किलो धरून साडेपाच हजारांपर्यंत.

---

स्कीम78_बांधकाम

मी वर जे लिहिलं होतं ते मागे घेत नाही, खर्च वाढतोच. पण बरणीचा प्रयोग आज साइटवर केला. 20 ची 16.5 झाली. म्हणजे एकवीस टक्के. या वर्षात तीन घरांची रेती मी फुटाने घेतलीय आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलंय की माप पूर्ण आहे. पालदाचे भाऊ, तुमचा फेऱ्याचा रेट मेसेज करा, पुढच्या आठवड्यात टिळक नगरला स्लॅब आहे, तिथे काट्याच्या पर्चीवर घेऊन बघतो.

---

सुदामानगरकर

माझी बरणी 20 ची 17 वर आली, मातीचा थर नखाएवढा, काका म्हणतात चालेल. झाकण आज बसलं. शिक्का मी बसवायच्या आधी बघितला, एचडी 20, फोटो काढून ठेवलाय. काकूंना सांगितलं, आता बादली घेऊन खुशाल उभ्या राहा.

गिट्टी पुढच्या सोमवारी येतेय, 400 फूट, काट्यावर पहाटे पाचला जायचंय. समोरचे पण येतो म्हणालेत.